कळसाची अट

"आता मागे वळून पाहा," अण्णा कानिटकर म्हणाले.

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. आमचं गाव नदीकडे उतरत गेलेलं. त्यामुळे मागचं घर अण्णांच्या घरापेक्षा चांगलंच उंचावर होतं, आणि त्याची निळ्या गजांची एक खिडकी नेमकी अण्णांच्या गच्चीवरून पलीकडे बघत होती.

"आता पुढे पाहा."

पुढे कौलांचे उतार, त्यापलीकडे चिंचांचे शेंडे आणि त्यांच्यावर सिद्धेश्वराचा कळस. सकाळच्या उन्हात तो नुकता घासून ठेवलेल्या तांब्यासारखा चमकत होता. माझे हात आपोआप जोडले गेले.

अण्णांनी कठड्याला टेकवलेला बांबू उचलला आणि गच्चीच्या मधोमध उभा धरला. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस. धोतराचा सोगा खोचून, हातात बांबू घेऊन असा उभा राहिलेला पाहून आमच्या ह्यांना हसू आवरेना. अण्णा मात्र गंभीर होते. "मजला चढवलात तर भिंत इथवर येणार. म्हणजे त्या खिडकीतून हा कळस दिसायचा नाही. म्हणून ह्या घरावर मजला चढवायचा नाही. आज नाही, पुढं नाही, तुमच्या मुलांनीसुद्धा नाही. हे कबूल असेल तर खाली जाऊन चहा घेऊ."

जिन्याच्या तोंडाशी बसलेले दलाल शिंगटे उपरण्यानं वारा घेत होते. हा बांबूचा कार्यक्रम त्यांनी पुष्कळ वेळा पाहिलेला असावा, कारण ते कंटाळून म्हणाले, "झालं का अण्णा? पळाले का हेही गिऱ्हाईक?"

आम्ही पळालो नाही, कारण पळायला जागा नव्हती. आमच्या घरमालकानं जागा सोडायला सांगितलं होतं. सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं आणि धाकटे दीर श्रीपादभाऊजी अशी माणसं दोन खोल्यांत राहत होतो, आणि भाऊजींचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मुलीकडच्यांनी एकच गोष्ट मागितली होती, की मुलीला एक स्वतंत्र खोली असावी. मागणं रास्तच होतं. हे साखर कारखान्यात टाइमकीपर. ह्यांच्या ऐपतीत बसेल असं गावात एवढं एकच घर होतं, आणि ते का बसतंय हे आता बांबूनं दाखवलं होतं. खोल्या तीन. वर आणखी एक चढवायची, हे धरूनच ह्यांनी सगळा हिशेब मांडला होता.

चहा घेताना अण्णांनी सगळं सांगितलं. ही जागा मुळात मागच्या घरातल्या भागवतांची. तीस वर्षांपूर्वी त्यांनी अर्धी जागा अण्णांना विकली, तेव्हा खरेदीखतात अट घातली. भागवतांच्या पत्नी द्वारकाकाकू यांचा नेम होता, कळस पाहिल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही. भागवत गेले, अट राहिली. "ही अट माझ्यावर नाही, जमिनीवर आहे," अण्णा म्हणाले. "जमीन ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे अटही जाणार. मी ती प्रत्येकाला गच्चीवर नेऊन दाखवतो, म्हणजे उद्या कोणी कोर्टात म्हणायला नको, आम्हाला माहीत नव्हतं."

शिंगट्यांनी कपाळाला हात लावला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: नव्या कागदात ती ओळ लिहायचीच नाही. कोण जातंय जुने दस्त उपसायला? अण्णा हुबळीला मुलाकडे निघून जाणार, म्हातारी काही फिर्याद करायला जायची नाही, आणि मजल्याची मोकळीक असली तर ह्याच घराला कितीतरी जास्त भाव येईल.

अण्णा शांतपणे म्हणाले, "अट होती म्हणून मला जागा स्वस्त मिळाली. ती स्वस्ताई तीस वर्षं खाऊन बसलोय मी. आता महाग कोणत्या तोंडानं विकू?"

मी बशी खाली ठेवली. व्रतवैकल्यं करणारी माणसं मी खूप पाहिलीत, आमच्या घरी तर परंपराच. पण चहाच्या कपावर इतक्या सहज कोणी असं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

घरी येताना कोपरा वळल्यावर हे म्हणाले, "घेऊन टाकू. अट मान्य म्हणू. पुढचं पुढं." मग स्वतःच म्हणाले, "द्वारकाकाकूंचं वय काय असेल गं?" आणि मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी नजर रस्त्याकडे वळवली. माणूस वाईट नव्हता. सात माणसांना छप्पर शोधत होता.

दुसऱ्या दिवशी माझा रोजचा अध्याय वाचून झाल्यावर मी द्वारकाकाकूंकडे गेले. शेजार होणार तर ओळख करून घ्यावी, एवढंच मनात होतं. परसातली थोडी जास्वंद बरोबर घेतली.

काकूंचं सोवळं गावात प्रसिद्ध. रेशनचं धान्य आणणारा अंगणात पोतं टेकवून जायचा, मोलकरीण ओटीच्या पुढे यायची नाही. घराची पुढची मोठी खोली नुसती रिकामी, सारवून, वर्षानुवर्षं कोणाचं पाऊल न लागलेली. मलाही त्यांनी उंबऱ्याबाहेर पाट टाकून दिला. लहानखुरी मूर्ती, पाठीत वाकलेली, पण आवाज खणखणीत.

"फुलं तिथंच ठेव. झाडाची आहेत की विकतची?"

"आमच्या परसातली."

"मग चालतील. तुझा नेम काय गं?"

कोणी ओळख झाल्यावर सासर-माहेर विचारतं, काकूंनी नेम विचारला. मी सांगितलं: तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, रोज एक अध्याय, सोमवारी एकवेळ जेवण. त्यांनी परीक्षा घेतल्यासारखी मान हलवली. "बरा आहे. मुलंबाळं असताना एवढं होतंय म्हणजे खूप झालं." मग त्यांनी बोलता बोलता घरात माणसं किती, कोण कुठं निजतं, सगळं काढून घेतलं. लग्नाचं सांगितलं. "आणि वर खोली काढता येत नाही म्हणून पोराचं लग्न अडलंय," त्या म्हणाल्या. मी घाईघाईनं म्हटलं, तसं काही नाही, होईल काहीतरी. त्यांनी ऐकल्यासारखं केलं नाही.

संध्याकाळी अण्णा स्वतः आमच्या दारात आले. काकूंनी निरोप दिला होता: मी माझा हक्क सोडून देते, रीतसर कागद करा, त्या माणसांना मजला बांधू दे.

सासऱ्यांनी देवापुढे साखर ठेवली. शिंगटे लगेच दुसऱ्या दिवशी येऊन अण्णांच्या कानाला लागले, की आता अटच उरली नाही तर भाव वाढवून मागायला काय हरकत आहे. अण्णांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. हक्क काकूंनी सोडला आहे आणि तो टिकेकरांसाठी, म्हणजे आमच्यासाठी, सोडला आहे, त्यात माझा काय संबंध, असं म्हणाले म्हणे. पण ते स्वतः खूश नव्हते. मला म्हणाले, "वहिनी, मी त्यांना म्हटलं, असं करू नका. तर मला म्हणतात, पोस्टमास्तर, तुम्ही तुमची पत्रं वाटा."

रजिस्टर कचेरी तालुक्याला. पौषातला दिवस होता. सकाळच्या गाडीला आम्ही सगळे स्टँडवर आलो: हे, मी, अण्णा, शिंगटे आणि काठी टेकत द्वारकाकाकू. घर दोघांच्या नावावर घ्यायचं म्हणून मलाही सहीला जायचं होतं. नदीवरून धुकं असं उठलं होतं की समोरची चहाची टपरी दिसेना. काकू देवळाच्या दिशेला तोंड करून उभ्या होत्या. मला वाटलं, थंडीकडे पाठ करून उभ्या असतील. गाडी आली. त्यांना चढवायला ह्यांनी एका बाजूनं धरलं आणि अण्णांनी दुसऱ्या. पायरी उंच होती; दोघांनी जवळजवळ उचललंच. पूल ओलांडला तरी खिडक्यांबाहेर सगळं पांढरंच होतं.

कचेरीत गर्दी. आमचा नंबर यायला वेळ होता. दस्तलेखकानं दोन कागद तयार ठेवले होते: एक खरेदीखत, त्यात अट नव्हती, आणि एक काकूंचं हक्कसोडपत्र. अण्णांनी दोन्ही कागद चष्मा लावून वाचले आणि परत दिले.

ह्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. काकू म्हणाल्या, नको. थोड्या वेळानं अण्णा केळी घेऊन आले. काकू म्हणाल्या, आत्ता नको. मला वाटलं सोवळ्यामुळं बाहेरचं खात नसतील. पण केळ्याला कसलं आलंय सोवळं ओवळं? मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ओठ कोरडे पडले होते. बाकावर टेकलेल्या हाताला बारीक कंप होता आणि डोळे मधूनच मिटत होते. बाकीच्यांना ती म्हातारपणाची झोप वाटली असेल. उपास करणाऱ्या बाईला उपाशी माणूस ओळखू येतो.

मी सरकून त्यांच्याजवळ बसले आणि हळूच विचारलं, "काकू, आज दर्शन झालं नाही ना?"

"मोठ्यानं बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "धुकं होतं. होतं कधी कधी असं. घरी असते तर ऊन वर येईपर्यंत वाट पाहिली असती. आज गाडी गाठायची होती."

"आणि हक्क सोडल्यावर? मजला चढल्यावर कसं करणार?"

"कोपऱ्यावरच्या पारापासून दिसतो की. तिथवर जात जाईन. पायांना तेवढीच हालचाल."

ज्यांना दोन माणसांनी गाडीत उचलून ठेवलं होतं, त्या मला हे सांगत होत्या.

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात म्हातारी माणसं तशीही कमीच जेवतात."

मी म्हटलं, "काकू, हक्क सोडताय तर नेमही सोडा ना. देव काही रागावणार नाही."

त्या माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या, उलट आवाज मऊ झाला होता. "तू हे म्हणतेस? अगं, हक्क माझा होता, तो मी कुणालाही देऊन टाकीन. नेम मी देवाला दिलाय. दिलेली वस्तू मी परत कशी घेऊ?" मग काठीनं माझ्या पायाला हलकेच टोचून म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. पुरुषांच्या मनाला लागतं आणि मग ते भलतंच काहीतरी करतात. सही होऊन जाऊ दे."

चारचौघांत मी ह्यांना कधी मध्येच हाक मारलेली नाही. घरातसुद्धा माझा आवाज स्वयंपाकघराच्या बाहेर जायचा नाही. त्या दिवशी मी उठले, दस्तलेखकाच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, "अहो, जरा इकडे या."

ह्यांना वाटलं, पाणी हवंय. भिंतीच्या कडेला उभं राहून मी तेवढंच सांगितलं: काकूंनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, कारण धुक्यात कळस दिसला नाही. आणि सही केल्यावरही त्या नेम सोडणार नाहीत. माझं मत मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

ते तिथंच उभे राहून काकूंकडे बघत राहिले. सात माणसांचा संसार, भावाचं लग्न, घरमालकाची मुदत, हे सगळं त्यांच्या तोंडावर मला दिसत होतं. तेवढ्यात शिपायानं आमचं नाव पुकारलं. शिंगटे म्हणाले, "चला टिकेकर, आलं आपलं."

हे टेबलाशी गेले. हक्कसोडपत्र उचललं, त्याची घडी घातली आणि खिशात ठेवलं. दस्तलेखकाला म्हणाले, "हा दस्त करायचा नाही. आणि खरेदीखतात अट लिहायची राहिलीय. जुन्या कागदात जशी आहे तशीच लिहा."

दस्तलेखकानं चष्म्यावरून पाहिलं. पान बदलावं लागेल, नंबर जाईल, दुपार होईल, असं सगळं त्यानं ऐकवलं. हे म्हणाले, होऊ दे दुपार.

शिंगट्यांना राहवेना. "अहो टिकेकर, लोक जागा मोकळी करून घ्यायला धडपडतात. तुम्ही मोकळी झालेली बांधून घेताय?"

"हो."

"का पण?"

अण्णा चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसत होते, बराच वेळ पुसत होते.

काकूंच्या लक्षात आलं तेव्हा त्या काठी टेकत उठल्या आणि आधी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली मान घातली. मग ह्यांना म्हणाल्या, "टिकेकर, माझा हक्क मी सोडला तर तो परत माझ्या गळ्यात घालणारे तुम्ही कोण?"

"घर घेणारा," हे म्हणाले. "मला अटीसकट दाखवलं होतं, अटीसकट घेतोय."

"आणि भाऊ? त्याला कुठं निजवणार? गच्चीवर?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं आणि ते बोलायला त्यांची जीभ रेटत नाही हेही कळलं. अण्णांच्या घरात पूर्वेची एक खोली होती. लग्न झाल्यापासून माझे देव तांदळाच्या डब्यावरच्या फळीवर बसलेले होते, आणि घर घ्यायचं ठरलं त्या दिवशी ह्यांनी आपणहून म्हटलं होतं, की ती खोली देवघर, तिच्यात दुसरं काही नाही.

"पूर्वेची खोली भाऊजींना देऊ," मी म्हटलं. "देवांना फळीची सवय आहे."

हे मी अगदी हळू म्हटलं होतं. पण काकूंचे कान तिखट. त्या पुन्हा बाकावर जाऊन बसल्या.

दुपारी आमचा नंबर आला. साहेबांनी अट वाचून दाखवली आणि मान्य आहे का विचारलं. मान्य आहे, असं आधी हे म्हणाले, मग मी. सह्या झाल्या, अंगठ्यांचे ठसे झाले. बाहेर आल्यावर अण्णांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता मी हुबळीला जायला मोकळा." तेवढंच. शिंगटे मात्र स्टँडपर्यंत मान हलवत आले. असली दोन गिऱ्हाइकं एका व्यवहारात आपल्याच वाट्याला कशी आली, ह्याचं त्यांना नवल वाटत होतं.

परतीच्या गाडीत काकूंना आम्ही पुढची, खिडकीजवळची जागा दिली. सगळा रस्ता त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. रागावल्या असाव्यात असं मला वाटलं, आणि त्यांचा राग मला चालणार होता. ह्यांचा चेहरा मी शेजारून पाहत होते. थकलेला होता, काळजी तर होतीच, पण गच्चीवरून उतरल्यापासून त्यांच्या नजरेत जे काहीतरी बाजूला सरकत होतं, ते आता सरकत नव्हतं. ह्या माणसाच्या पाया मी सणावाराला पडते, ते रीत म्हणून पडत आले होते. त्या दिवशी गाडीतच वाकावंसं वाटलं.

गाडी पुलावर आली. धुकं केव्हाच गेलं होतं. चिंचांच्या वर कळस उन्हात उभा होता. काकूंनी हात जोडले, ओठ हलले. पूल संपेपर्यंत त्या तशाच होत्या. मग मागे वळून त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं.

"सकाळी मी सांगितलं ते तुम्ही ऐकलं नाहीत. आता सांगते ते ऐका. माझा कळस राखायला हिचे देव खोलीबाहेर काढणार होतात. ते पाप मी कुठं फेडू? पूर्वेची खोली देवघरच राहील. भावाचं बिऱ्हाड माझ्या पुढच्या खोलीत येईल. नवी सून पहिल्यांदा माझ्या उंबऱ्यावरनं आत येईल, आणि तिला सोवळं शिकवायला मी जाणार नाही."

हे गोंधळले. अहो काकू, तुमच्या घरात कोणी, असं काहीतरी म्हणू लागले.

"नाही म्हणालात," काकू म्हणाल्या, "तर उद्या गवंडी बोलावून ती खिडकी विटांनी बुजवून घेते. मग राखत बसा तुमची अट."

अण्णा मागच्या बाकावर बसले होते. ते इतके हसले की कंडक्टरनं वळून पाहिलं. ह्यांनी काकूंना हात जोडले.

काकूंनी काठी मांडीवर आडवी ठेवली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"डब्यात काय आणलंयस गं?"

"दशम्या आहेत. आणि लोणी," मी म्हटलं.

"दे," त्या म्हणाल्या. "एक तुझ्या नवऱ्यालाही दे. सकाळपासून त्यानंही काही खाल्लेलं नाही."